खोकडाचं कातडं आणि नानांचं आसन

अहो, ऐकलंत का? नाही, ऐकलं असणारच म्हणा, काल दुपारी फॉरेस्टची जीप तासभर गल्लीत उभी होती आणि तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होतात, पाहिलं मी. पण आत काय झालं ते कुठं कळलंय तुम्हाला? मी होते ना तिथं. विरजण मागायला गेले होते. या जरा पुढं, ती तुळस सरकवा… हां.

तर नानांचा भाचा. तोच हो, आधी मश्रूम केले, मग शेततळ्यात मासे सोडले, तो. तेरवा रात्री नाशिक हायवेनं येताना त्याला नारायणगावच्या अलीकडं एक खोकड मेलेलं दिसलं. गाडीखाली आलेलं, पण अंगाला म्हणे फारसं काही नाही, शेपूट तर अगदी झुबकेदार. आपण काय करतो? राम राम म्हणतो आणि पुढं जातो. यानं ते खताच्या गोणीत घातलं, बाइकला बांधलं आणि थेट नानांच्या मळ्यातली शेड गाठली. यूट्यूबवर ते गोरे लोक शिकवतात म्हणे, सोलायचं कसं, मीठ चोळायचं, तुरटी लावायची. घरातलं सगळं जाडं मीठ संपवलं मेल्यानं. मामी बिचाऱ्या समजत होत्या, कैऱ्या आणल्यात पोरानं, लोणचं घालतोय!

एवढ्यावर थांबला असता तर… पण नाही ना! फोटो काढला आणि टाकला व्हॉट्सॲपवर. "ओरिजिनल फॉक्स स्किन, इच्छुकांनी पर्सनलला या." ग्रुप कुठला, तर बाजारभावाचा. वर टोमॅटोच्या क्रेटचा भाव, खाली खोकड! अर्ध्या तालुक्यानं बघितलं. मग कुणीतरी १९२६ ला फोन लावला, तो हॅलो फॉरेस्टचा नंबर. कुणी लावला ते मला विचारू नका. म्हणजे माहीत आहे मला, पण विचारू नका.

तर काय सांगत होते… हां, मॅडम. दोन वनरक्षक आणि एक वनपाल मॅडम, वयानं आपल्या सुनांएवढ्या. चपला दाराशी काढून आत आल्या हो, शांतपणे बसल्या. मामींनी चहा टाकला. भाचा छाती काढून म्हणतो, "मॅडम, मी मारलेलं नाही. मेलेलं उचललं. उलट रस्ता साफ केला मी!" मामींनी मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मारलंत असं मी कुठं म्हणतेय? पण मेलं म्हणून ते तुमचं कसं झालं?"

झालं! सगळे गप्प. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा हो, त्याचं ३९ वं कलम. रानातलं जनावर शिकारीत मरू दे, म्हातारं होऊन मरू दे, नाहीतर ट्रकखाली येऊ दे, ते सरकारी मालमत्ता. तुमच्या हाती आलं तर ४८ तासांत पोलिसांना नाहीतर फॉरेस्टला कळवायचं. भाच्यानं तिथल्या तिथं बोटं मोजली. "मॅडम, अजून चाळीसच तास झालेत!" तो वनरक्षक खिडकीकडं तोंड करून हसला, मी बघितलं. मॅडम हसल्या नाहीत. "कळवायला ४८ तास आहेत. सोलायला आणि विकायला काढायला एकसुद्धा नाही."

अहो, काय ते तोंड झालं त्याचं! आणि पुढं ऐका, बाइक. ज्या वाहनावरून माल नेला ते वाहनही त्यात जातं. अजून हप्ते चालू आहेत त्या बाइकचे. शिवाय या कायद्यात साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पूर्वी पंचवीस हजार होता, २०२२ च्या दुरुस्तीत वाढवला ना. मामींचा चहा उतू गेला, कुणी उठलंसुद्धा नाही.

मला आधी वाटलं, जरा जास्तच करतायत. मेलेलं जनावर, कुत्र्यांनीच खाल्लं असतं. पण तो दुसरा वनरक्षक म्हणाला, "काकू, उद्या मेलेल्याचं कातडं विकू द्यायचं ठरवलं, की परवापासून सगळीच जनावरं रस्त्यावर मरायला लागतील. फास लावून मारायचं, रात्री हायवेला आणून टाकायचं. कोण ओळखणार?" आता यावर काय बोलणार तुम्ही?

भाचा तरी ऐकतोय थोडाच! "अमेरिकेत चालतं." म्हटलं, थांब बाळा, माझ्या नणंदेची मुलगी ओरेगनला आहे. तिथं २०१९ पासून रस्त्यावर मेलेलं हरीण उचलता येतं, पण २४ तासांत परमिट काढायचं, आणि मांस तुमचं असलं तरी शिंगांसकट मुंडकं सरकारजमा. पक्ष्यांचं तर विचारूच नका, १९१८ चा कायदा आहे त्यांचा, बहुतेक रानपक्ष्यांचं पडलेलं पीससुद्धा घरी ठेवायचं नाही. माझ्याकडं बघून मॅडमनी मान हलवली. मी आपली विरजणाची वाटी घट्ट धरून बसले.

आणि एवढ्यात नाना! पूजा आटोपून बाहेर आले, काखेत आसनाची गुंडाळी. म्हणतात, "ऊन आहे तर जरा झटकून टाकतो." मामी डोळ्यांनी खुणावतायत, आत जा, आत जा… पण नानांना चष्म्याशिवाय कुठं दिसतंय. मॅडम उठल्याच. "हे काळवीट ना?" नाना अभिमानानं, "आमच्या आजोबांचं मृगाजिन." अहो, काळवीट म्हणजे शेड्यूल वन! तीन ते सात वर्षं, आणि दंड कमीत कमी पंचवीस हजार. मालकीचा दाखला असेल तर वारशानं ठेवता येतं, विकता मात्र तेही येत नाही. दाखला कुठला असायला! २००३ साली सरकारनं १८० दिवस दिले होते ना, घरात असेल ते जाहीर करा म्हणून. नाना म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही, पेपर तर रोज घेत होतो." मामी फणकारल्या, "घेत होतात, शब्दकोड्यापुरता."

हसताय काय? आपल्याकडं मुंजीत जानव्याला बांधतात तो कातड्याचा तुकडा कुठून येतो, विचारलंय कधी भटजींना? आणि त्या कोपऱ्यावरच्या वहिनी! मजा बघायला दारात उभ्या होत्या, नातू कडेवर. मृगाजिनाचं नाव निघालं आणि त्यांचा हात हळूच नातवाच्या गळ्याशी गेला. ते सोन्यात मढवलेलं बिबट्याचं नख हो! झबल्याच्या आत ढकललं आणि "गॅसवर दूध आहे" म्हणत सटकल्या. कन्नड बिग बॉसमधला तो माणूस आठवतो ना? २०२३ साली गळ्यात वाघनख दिसलं म्हणून कार्यक्रमातून उचलून नेला होता. तोच शो वहिनींनी मला फोनवर दाखवला होता!

तर पंचनामा झाला. कातडं, सुरी, उरलेली तुरटी, सगळं गोणीत. आसनसुद्धा. मामींनी विचारलंच, "आता हे सरकार विकणार का?" मॅडम म्हणाल्या, "सरकारही विकत नाही. आसामात २०२१ ला जवळजवळ अडीच हजार गेंड्यांची शिंगं जाळली." मामींना ते काही पटलं नाही. "जाळण्यापेक्षा देवळात तरी द्यावं…" असं पुटपुटत राहिल्या. मग निघता निघता दबकत विचारलं, देव्हाऱ्यातली मोराची पिसं तरी राहू देऊ का? माहेर मोराची चिंचोली ना त्यांचं, घरभर पिसं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. "गळून पडलेली शेपटीची पिसं चालतात हो आजी. देशातल्या देशात विकलीत तरी हरकत नाही. मेलेल्या मोराची उपटलेली मात्र नाही."

आणि इतका वेळ खाली मान घालून बसलेला भाचा ताडकन म्हणतो, "मामी, चिंचोलीची पहिली एसटी किती वाजता?"