हे बिल नव्हे

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या फोनवर माझा घोगरा आवाज ऐकून आईने चौकशी केली, तेव्हा मी थंडीचे निमित्त पुढे केले. खरी हकीकत अशी की, डेलावेअर नदीत वसंतात चढणारा शॅड नावाचा मासा, जो आपल्या पाला माशाचा चुलतभाऊ आणि काट्यांच्या बाबतीत त्याच्या तोडीस तोड, तो सातपाटीच्या आठवणीने व्याकूळ होऊन मी विकत आणला आणि त्याचा एक काटा घशात रुतला. आईने भाताचा गोळा गिळायला लावला असता. शेजाऱ्यांनी सद्भावनेने ९११ फिरवला. इस्पितळ दीड मैलावर. तेथे नळी घालून पाहीपर्यंत काटा आपल्या पायांनी निघून गेला होता.

लखोटे मात्र येतच राहिले. पहिला विमा कंपनीचा: रकमांचा तपशीलवार तक्ता आणि वर ठळक अक्षरांत ‘हे बिल नव्हे’. दुसरा इस्पितळाचा, बहुधा उंबरठा ओलांडल्याबद्दल. तिसरा डॉक्टरांचा, कारण बसतात ते तेथेच, पण दफ्तर त्यांचे निराळे. चौथा रुग्णवाहिकेचा, चौदाशे डॉलरचा. हप्ता दरमहा कापला जात असूनही वर्षाचे पहिले तीन हजार आमच्याच पदरचे, हे कलम मला तेव्हा उमगले.

अशा अवचित बिलांविरुद्ध १ जानेवारी २०२२ पासून येथे कायदा अमलात आहे. त्याने हवाई रुग्णवाहिकेला लगाम घातला, रस्त्यावरच्या गाडीला मात्र मोकळे सोडले. तेव्हा दीड मैल मी आकाशमार्गे जावयास हवे होते! आपल्याकडे १०८ ची गाडी विनामूल्य येते, असे सांगताच शेजाऱ्यांनी काटा मेंदूत चढल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

बाबा, तारापूरच्या १९६९ सालच्या दोन अणुभट्ट्या उभारणाऱ्या अमेरिकनांची तारीफ आपण नेहमी करता, की त्यांच्या एका खिळ्याचाही हिशेब चुकत नसे. त्याच शिस्तीने आता माझ्या घशाची जमाबंदी झाली आहे. आपल्या पगारातून किरकोळ वर्गणी कापली गेली की वसाहतीच्या इस्पितळात आम्हा भावंडांचे गालगुंड, गोवर सारे निभावून जाई, आणि त्याला आम्ही सरकारी कारभार म्हणून हसत असू.

सध्या उजवी दाढ दुखते आहे. येथील दंतवैद्याचा खर्चाचा अंदाज वाचल्यापासून तिला लवंगेवर ठेवले आहे. डिसेंबरात येतो, बोईसरच्या आपल्या दाताच्या डॉक्टरांकडे पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशीची वेळ घेऊन ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
धाकटा