असशील तेथून निघून ये

चि. अधिसूचना क्रमांक ४०५/१२/८८ हिस,
अनेक आशीर्वाद.

असशील तेथून निघून ये. तुला कोणी काही बोलणार नाही. अर्थमंत्रालयाने अंथरूण धरले आहे, सीमाशुल्क खात्याला घास उतरत नाही. परतीच्या भाड्याला पैसे नसतील तर कळव.

तुझी जन्मतारीख ५ ऑक्टोबर १९८८. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींची ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ ही कादंबरी ब्रिटनमध्ये बाहेर पडून तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. साडेपाचशे पानांचे ते पुस्तक नऊ दिवसांत दिल्लीत कोणी वाचून संपवले, हे आम्ही विचारले नाही. तुझे म्हणणे तसे बेताचेच होते: पुस्तक परदेशातून आणायचे नाही. वाचू नका, असे तू कधी म्हणालीच नाहीस. ते आमचे आम्हीच समजून घेतले.

एकदा मी पुस्तकाच्या दुकानात त्याची चौकशी केली. गल्ल्यावरच्या काकांनी आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “त्याच्यावर बंदी आहे.”

“कुठे लिहिलंय?”

“लिहायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत आहे!”

२०१९ मध्ये एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन विचारले, ही बाई आहे तरी कुठे? कपाटे उघडली, फायली झटकल्या. तू कुठेच नाहीस. अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालय म्हणाले, अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही, असे धरून चालण्यावाचून गत्यंतर नाही. छत्तीस वर्षे, बाई! आम्हाला नावातला एक काना दुरुस्त करायचा तर आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या साक्षांकित झेरॉक्स लागतात. तुझी मात्र एकही झेरॉक्स कोणी काढून ठेवली नाही?

तुझे घराणे तसे नामांकित. इंग्रजी अमदानीतल्या तुझ्या आजीने १९०९ साली सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर तो छापून येण्याआधीच बंदी घातली. तेव्हा हुकूम होता, पुस्तक नव्हते. तुझ्या बाबतीत पुस्तक आहे, हुकूम नाही. तुझ्या लेकीबाळींना बहुधा दोन्हींची गरज पडणार नाही. काकांचे दाराकडे पाहणे पुरेल.

न्यायालयाच्या त्या निकालानंतर, २०२४ च्याच डिसेंबरात, दिल्लीत रश्दींचे पुस्तक उघडपणे विक्रीला लागले. मी हरखून काकांकडे गेलो. म्हटले, “काका, आता मागवा की. बंदी उठली.”

काकांनी पुन्हा दाराकडे पाहिले.

“तसं लेखी काही आहे का?”

म्हणून हा पत्रप्रपंच. तू ये, बाई. एकदा कागदावर ये, म्हणजे तुला रीतसर रद्द करून घेता येईल. जी नाहीच, तिला रद्द कसे करायचे, हे मला काकांना समजावता येईना.

कळावे, लोभ नसावा.

तुझा,
छत्तीस वर्षे तोंडी हुकमावर थांबलेला एक वाचक