पाकिटाची पाठ

बाजारात 'झटपट' म्हणून जे जे विकायला येतं, त्याला माझ्याइतका वेळ दुसरं कुणी देत नसेल. दोन मिनिटांत शिजणारा उपमा, पाच मिनिटांत फुगणारा ढोकळा, नुसतं गरम पाणी ओतलं की तयार होणारे पोहे. शिजायला किती वेळ लागतो ते कंपनी पाकिटावर ठसठशीत छापते. पाकीट वाचायला किती लागतो ते छापत नाही. माझ्या हिशेबाने तेवढ्यात पुरणपोळीचा साग्रसंगीत स्वयंपाक उरकावा. फक्त पुरणपोळी मला चालत नाही.

मला सीलिॲक आहे. हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस क्षणभर असा बघतो, की आता नव्या गाडीबद्दल अभिनंदन करणार की काय! गाडी नाही, आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझी रोगप्रतिकारशक्ती खवळते आणि माझ्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला जी बारीक लव असते, जिच्यातून अन्नातलं सत्त्व अंगी लागतं, ती झडून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मी बरीच वर्षं लोहाच्या गोळ्या खात होते आणि हिमोग्लोबिन काही हलत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, मग एंडोस्कोपीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि निकाल लागला. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. पथ्य एवढाच उपाय, आणि तोही जन्मभराचा.

या सगळ्याच्या मुळाशी गहू आहे हे ओळखलं विलेम-कारेल डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराने एरवी खंगत जाणारी मुलं त्या दुष्काळात सुधारायला लागली. पुढे पाव परत आला तशी दुखणीही परत आली. १९५० साली डिकेने यावर प्रबंध लिहिला. म्हणजे विज्ञानाला पटून पाऊणशे वर्षं झाली. नातेवाइकांना पटायचं अजून बाकी आहे.

नातेवाइकांचे तीन पंथ आहेत. पहिला 'एवढ्याशाने काय होतंय' पंथ. हे लोक सत्यनारायणाचा शिरा तळहातावर ठेवून म्हणतात, "अगं, प्रसादाला नाही म्हणू नये." रवा हा गव्हाचाच असतो आणि सत्यनारायणाची कृपा माझ्या आतड्याला आगाऊ कळवलेली नसते. दुसरा पंथ खपलीवाल्यांचा. "खपली गहू खा, त्यात ग्लुटेन नसतं." असतं. खपली हा जुना गहू आहे, पौष्टिक आहे, त्याची खीर उत्तम होते. पण तो गहूच आहे. काकू म्हातारी झाली म्हणून तिचा काका होत नाही. तिसरा पंथ सगळ्यांत प्रेमळ: "तुझ्यासाठी मुद्दाम मैद्याचं केलंय हो, गव्हाचं नाही." इथे मी फक्त पाणी मागते.

सासूबाईंना मात्र मला काहीच समजवावं लागलं नाही. पोळी लाटलेल्या पोळपाटावर माझी भाकरी थापायची नाही, पुऱ्या तळलेल्या तेलात माझे साबुदाणेवडे तळायचे नाहीत, हे डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं तेव्हा मी कागदावर लिहून घेत होते. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "म्हणजे तुझं सोवळं वेगळं." आणि दुसऱ्या दिवसापासून माझा तवा, माझी परात, माझा झारा, माझी कढई, सगळं वेगळं झालं. घरातलं सोवळं आजेसासूंबरोबर गेलं असं सगळे समजत होते. ते माझ्या टीटीजीच्या रिपोर्टवर बसून परत आलं.

घरच्या स्वयंपाकाची त्यामुळे काळजी नाही. शिवाय आपण महाराष्ट्रात आहोत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हे सगळं मला चालतं. उकडीचे मोदक चालतात, अनारसे चालतात. खरी परीक्षा पाकिटाची.

पाकिटाला दोन बाजू असतात. दर्शनी बाजूला हसरी आई, तिची दोन गुटगुटीत मुलं, वाफाळती बशी आणि मोठ्ठ्या अक्षरांत 'पौष्टिक', 'मल्टिग्रेन', 'झिरो कोलेस्टेरॉल'. शेंगदाणे-पोह्यांना कोलेस्टेरॉल कुठून यायचं, पण छापलेलं असतं. शाकाहाराचा हिरवा ठिपका तर पलीकडच्या फुटपाथवरून दिसतो. मला जे हवं असतं ते मागच्या बाजूला, दुमडीच्या आत, चांदीच्या कागदावर पांढऱ्या शाईत, मुंगीनेही चष्मा लावावा अशा अक्षरांत असतं. बऱ्याचदा त्याच्यावरच किमतीचा स्टिकर चिकटवलेला असतो.

तरी ही मागची बाजू सहसा खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा गुण. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा नियम आहे. त्यामुळे 'नाचणी बिस्किटं' हातात घेतली की मी नाव वाचत नाही, यादी वाचते. पहिला मैदा, मग साखर, मग तेल, मग कणीक, आणि लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या मामासारखी शेवटी कुठेतरी नाचणी. चित्रात मात्र नाचणीचं कणीस हातभर.

गहू, मैदा, रवा, शेवया, दलिया हे उघड शत्रू. ते ओळखायला कष्ट नाहीत. खरे घातकी ते वेषांतर केलेले. कॉर्नफ्लेक्स घ्या. नाव मक्याचं, चित्र मक्याचं, आणि यादीत 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट', म्हणजे जवाचा अर्क. मुलांना दुधातून देतात त्या पुष्कळशा पावडरींतही हाच माल्ट. सोया सॉस सोयाबीनचा असतो, तसाच गव्हाचाही असतो. त्यामुळे 'झटपट चायनीज'मधून नूडल्स वगळले तरी ते मला चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक ठिकाणी मूठभर गहू. आणि मेतकूट! आजाऱ्याला द्यायचं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मऊ भातावर घातलेलं ते पिवळंधमक मेतकूट. त्याच्या डाळींच्या घोळक्यातही गहू भाजून घातलेला असतो. हे वाचलं त्या दिवशी मला कुणावरच विश्वास ठेवावासा वाटेना.

उलट काही बिचारे उगाच बदनाम. माल्टोडेक्स्ट्रिनचं नाव माल्टवरून आल्यासारखं वाटतं, पण त्याला सहसा भ्यायचं कारण नाही. मोनोसोडियम ग्लुटामेट ग्लुटेनचा सख्खा भाऊ वाटतो, पण नावापलीकडे ओळख नाही.

आणि या सगळ्यांवर कडी करणारा, हिंग. आपल्याकडे किंमत नसलेल्या माणसाला कुणी हिंग लावून विचारत नाही. मी मात्र प्रत्येक पाकिटाला पहिल्यांदा हिंगाबद्दलच विचारते. शुद्ध हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून येणारा चीक. तो इतका उग्र असतो की तसाच फोडणीत घातला तर शेजारी घर सोडतील. म्हणून बाजारात मिळतो तो बांधानी हिंग. त्यात डिंक असतो आणि पीठ असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, पुष्कळशा गव्हाचं. डबी हातात घेतली तर पाठीवर लिहिलेलं सापडतं. पण तोच हिंग चिवड्यात, उडदाच्या पापडात, लोणच्यात, सांबार मसाल्यात शिरला की यादीत सगळ्यांत शेवटी नुसता 'हिंग' उरतो. त्यातली कणीक कधी कंसात दिसते, कधी खालच्या ॲलर्जीच्या ओळीत, कधी कुठेच नाही.

मी एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं होतं. सुट्या चिवड्याची पिशवी होती, वर नुसतं वजन आणि भाव.

"शेठ, यात हिंग कुठला?"

"एक नंबर हिंग, वहिनी. वास बघा."

"वासाचं नाही हो. गव्हाचं पीठ असलेला, का तांदळाचं?"

शेठनी माझ्याकडे, मग चिवड्याकडे, मग देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही वेफर्स घेऊन जा," ते म्हणाले. वेफर्सच्या मसाल्यात काय होतं हे त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही. सुट्या मालाला पाठच नसते. तो मी सोडून दिलाय.

पाकीटबंद मालावर निदान कायदा आहे. २०२०च्या लेबलिंगच्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट हे असले तर तसं वेगळं जाहीर करावं लागतं. ग्लुटेनच्या धान्यांत ओट्सही मोजलेत. ते बहुधा गव्हाच्या शेजारीच वाढतात आणि दळले जातात. ही 'कन्टेन्स' ओळ सापडली की निकाल लगेच लागतो. घोळ घालते ती तिच्याखालची 'मे कन्टेन' ओळ: 'गव्हाचा अंश असू शकतो.' हे वाक्य लिहिणारा माणूस पूर्वी पंचांग लिहीत असावा. पाऊस पडेल किंवा पडणार नाही. अर्थ एवढाच, की त्याच कारखान्यात गव्हाचा मालही बनतो. उपवासाच्या राजगिरा पिठाचं तेच. राजगिरा निर्दोष, शिंगाडा निर्दोष, वरई निर्दोष. पण चक्कीवर त्याआधी गहू दळलेला असला तर त्यांच्या निर्दोषपणाला अर्थ राहत नाही. गिरणीत आपण विचारतोच की, "कशावर दळताय?" कारखान्याला तेच विचारायची सोय नाही.

म्हणजे तशी सोय आहे. पाकिटावर ग्राहक सेवेचा नंबर असतो.

"मॅडम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के व्हेज आहे."

"ते हिरव्या ठिपक्यावरून कळलं. यात गहू आहे का?"

"गहू पण व्हेजच असतो, मॅडम."

"मला गव्हाची ॲलर्जी समजा. त्याच मशिनवर गव्हाचा माल बनतो का?"

मग संगीत. बराच वेळ संगीत. मग तोच आवाज: "मॅडम, यात ॲडेड शुगर नाहीये, तुम्ही बिनधास्त खाऊ शकता."

या अंधारात भरवशाचा शब्द एकच, 'ग्लुटेन-फ्री'. तो कुणालाही हौसेने छापता येत नाही. किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे, आणि जागतिक मानकही तेच. २० मिलिग्रॅम म्हणजे किती? साधारण तांदळाच्या एका दाण्याचं वजन. किलोभर पिठात तेवढंच माफ. याउलट पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन-एक ग्रॅम ग्लुटेन सहज असतं, म्हणजे असे शंभर दाणे. 'एवढ्याशाने काय होतंय' पंथाला मी हल्ली हाच हिशेब सांगते. ते मान डोलावतात आणि शिऱ्याचा द्रोण पुढच्याला देतात. प्रगती आहे.

'ग्लुटेन-फ्री' लिहिलेल्या मालाची किंमत मात्र अशी असते, की बिस्किट चहात बुडवताना हात थरथरतो. तुटून पडलं तर चहा गाळून घ्यावा लागेल.

नवरा आता माझ्यापेक्षा तयार झालाय. लग्नाआधी ज्याने माझी पत्रंसुद्धा घाईने वाचली असावीत असा मला संशय आहे, तो माणूस दुकानात मोबाइलने पाकिटाच्या पाठीचा फोटो काढतो, दोन बोटांनी मोठा करतो आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतो, "अगं, यात माल्ट आहे!" आजूबाजूच्या बायका आपापल्या टोपल्यांतली तीच पाकिटं हळूच परत ठेवतात. त्यांना माल्टने काहीही होणार नसतं.

एवढं सगळं शिकल्यावर आमचं घोडं अडतं ते दुसऱ्यांच्या घरी. मराठी घरात विकतची कुठलीही वस्तू पाकिटात एक रात्रही काढत नाही. दुकानातून आली की कात्रीने कोपरा कापायचा, डब्यात ओतायची, पाकीट धुऊन भांड्यांच्या वर वाळत घालायचं किंवा थेट कचऱ्यात. मग पाहुणी म्हणून मी जाते आणि समोर बशी येते. "तुला चालेल ना गं? गहू नाहीये यात, फक्त पोहे आहेत." पाकीट कुठंय, असं विचारलं की यजमानिणीचा चेहरा पडतो. तिला वाटतं, मी एक्स्पायरी डेट विचारतेय. ओळख जरा जुनी असेल तर मी सरळ ओट्याखालचा डबा उघडते आणि चहापत्तीच्या चोथ्यातून पाकीट बाहेर काढून, पुसून, उजेडात धरून वाचते. नात्याची खरी पारख त्या क्षणी होते.

उत्तर भारतात शंभरातल्या एखाद्याला तरी हा आजार असावा असं पाहण्या सांगतात. आपल्याकडे प्रमाण कमी असलं तरी तुमच्या सोसायटीत, शाळेत, ऑफिसात कुणीतरी असू शकतं. कित्येकांना तर आपल्याला काय झालंय हेच कळलेलं नसतं. तेव्हा असा पाहुणा तुमच्याकडे येणार असेल तर एवढंच करा. वेगळा स्वयंपाक नको, महागडी बिस्किटं नकोत, खपली गहू तर अजिबातच नको. केळं द्या, घरचं ताक द्या. आणि विकतचं काही देणार असाल तर बशीशेजारी त्याचं पाकीट ठेवा, पाठ वर करून. वाचायचं काम आमचं आम्ही करू.