बंड्याचा हिशेब

कुत्रा नेमका १६ किलोचा निघावा, हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. वजनाचा घन करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, मग त्या वर्गमुळाचंही वर्गमूळ: १६ चे ४०९६, त्याचे ६४ आणि ६४ चे ८. शाळेत असा पूर्णांक उगवला, की गणित सुटल्याचं मागची पानं न बघता कळायचं. या ८ ला ७० ने गुणलं की ५६० कॅलरी. तेवढ्या तर बंड्याला जिन्याखाली नुसतं पडून राहायलाच लागतात. नसबंदी झालेला प्रौढ गृहस्थ म्हणून पुढे १.६ ने गुणायचं, की झाले ८९६. वजनाचा हा पाऊण घात मॅक्स क्लायबर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १९३२ साली, कॅलिफोर्नियात बसून मांडला. बंड्याच्या जिन्यापर्यंत पोहोचायला त्याला बराच वेळ लागला, एवढंच.

१६ हा आकडा मात्र मला महागात पडला. बंड्या वजनकाट्यावर उभा राहत नाही. त्याला उचलून मी चढायचं, मग एकट्याने चढायचं आणि वजाबाकी करायची. त्यामुळे कुत्र्याच्या आधी घराला माझं वजन कळलं. कुणी काही बोललं नाही, पण रात्री माझ्या पानातला भात ओशाळल्यासारखा एका कडेला बसला होता.

बंड्याचं पान असं ठरलं: शिजलेला भात ३०० ग्रॅम, बिनमिठाची उकडलेली कोंबडी २५० ग्रॅम, लाल भोपळा १०० ग्रॅम आणि एक अंडं. कांदा-लसूण वर्ज्य. कॅल्शियमची पूड डॉक्टरांनी वेगळी दिली, कारण कॅलरी जुळल्या म्हणजे पोषण जुळलं असं नसतं. बेरीज ८९८ च्या आसपास आली. वरच्या दोन कॅलरी मी शेपटीच्या खात्यावर टाकल्या.

आजीचं माप वेगळं होतं. परातीत शेवटी जेवढं पीठ उरेल, तेवढ्याची चानकी थापायची, ती मोत्याची. तो दारात बसून भाकऱ्या मोजत असावा, कारण चानकी तव्यावर पडली की उठून उभा राहायचा. ती त्याला देताना आजी नामदेवांची गोष्ट सांगायची: कुत्र्याने भाकरी पळवली, तर ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. वाटीत १०० ग्रॅम तूप धरलं तर ९०० कॅलरी, म्हणजे बंड्याचा अख्खा दिवस! डॉक्टरांना हे सांगायचा धीर मला झालेला नाही.

महिन्याभरात बंड्या फुगला. आईला विचारलं, तर म्हणाली, "अरे, तूप घालते कुठे? बोटाला लागलेलं भातावर पुसते नुसतं." मग वहीत मी ‘आईचं बोट’ असा नवा रकाना आखला. त्यात रोज चमचाभर तुपाच्या ४५ कॅलरी धरतो आणि तेवढा भात कमी करतो. भात कमी दिसला, की आई दुसरंही बोट पुसते.