श्री. व सौ. बी-४०२

एक बाई आणि एक पुरुष रोज एकाच दारातून बाहेर पडतात, एकाच स्कूटरवर बसतात आणि संध्याकाळी एकाच पिशवीतून मेथी घेऊन परततात. ते नवरा-बायकोच असणार, असं धरून चालणाऱ्या शेजाऱ्यांना उगाच नावं ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयही तसंच धरून चालतं. १९७८ साली बद्री प्रसाद खटल्यात पन्नासेक वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या लग्नाचा पुरावा मागितला गेला, तेव्हा न्यायालयाने मागणाऱ्यालाच गप्प केलं. इतक्या वर्षांनी लग्न बघितलेले साक्षीदार आणायचे कुठून? एवढी वर्षं राहिले ना, मग लग्न झालेलं आहे असंच समजायचं. झालं नसेल, तर ते तुम्ही सिद्ध करा.

फरक एवढाच, की न्यायालयाचा समज खोडून काढता येतो. भक्कम पुरावा आला की न्यायमूर्ती तो मागे घेतात आणि पुढचं प्रकरण पुकारतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ही सोय नाही.

चूक होते ती दोन सेकंदांत. त्याबद्दल कुणाला फाशी देऊ नये. खरा अपराध घडतो तो चूक कळल्यानंतरच्या दहा मिनिटांत. गणपतीत सोसायट्यांमध्ये रोजच्या आरतीचा मान एकेका जोडप्याला असतो आणि त्याची यादी ग्रुपवर पडते. ‘मंगळवार, सायं. ७.३०, श्री. व सौ. अमुक, बी-४०२.’ ४०२मधली मुलगी सेक्रेटरींना वेगळा मेसेज करते, की काका, माझं आडनाव वेगळं आहे आणि आमचं लग्न झालेलं नाही. सभ्य माणसाने ‘बरं, बदलतो’ म्हणावं आणि बदलावं. पण सेक्रेटरी फोनच करतात. आधी सात वेळा सॉरी. मग ‘आम्ही तसल्या विचारांचे नाही बरं का!’ मग स्वतःच्या भाचीची हकिगत, तिचंही आधी असंच होतं, पण नंतर रीतसर कार्य झालं. मग आवाज खाली आणून, ‘घरी माहितीये ना?’ शेवटी ग्रुपवर सुधारित यादी झळकते: ‘बी-४०२ (परिवार)’. ज्यांनी पहिली यादी उघडूनही पाहिली नव्हती, ते आता विचारू लागतात, ‘बदल काय केलाय?’

लग्न झालंय असं समजलो म्हणून सात वेळा माफी मागणारा माणूस, लग्न न होणं ही केवढी लाजिरवाणी गोष्ट आहे, हेच सात वेळा सांगत असतो. त्याहून वाईट ते ‘होईल हो लवकरच!’ दहावीला गणित राहिलेल्या पोराला धीर द्यावा तसं. त्यांनी अर्जच भरलेला नाही, हे लक्षात कोण घेतो?

काही जण एकदा तोंडघशी पडले की सावध होतात. मग नजर आधी गळ्याकडे जाते, तिथे निकाल लागला नाही तर पायाच्या बोटांकडे. जोडवीही नाहीत म्हणून ‘मिस’ म्हणावं, तर बाई बारा वर्षांची संसारी निघते. मंगळसूत्र लॉकरात आणि नवरा गाडी पार्क करतोय.

या बाबतीत शिकावं तर लक्ष्मी रोडवरच्या साडीवाल्यांकडून. भाऊबिजेच्या खरेदीला सख्खे भाऊ-बहीण येऊन बसतात. ‘वहिनींना ती मोरपंखी दाखव रे!’ बहीण ठसक्यात सांगते, ‘वहिनी नाही, हा भाऊ आहे माझा.’ गादीवरचा माणूस पापणीही न लववता ओरडतो, ‘मग ताईंना पैठणीच काढ, भाऊ देतोय!’ सॉरी नाही, चौकशी नाही, भाचीची हकिगत नाही. वर भावाच्या खिशाला हजारोंची कात्री. शिष्टाचार म्हणतात तो हाच.

खरी गंमत साठी-सत्तरीत असते. मुलंबाळं असलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबू शकतं. शिवाय दोन्हीकडच्या मुलांना फ्लॅटची काळजी. म्हणून काही ज्येष्ठ मंडळी लग्नाच्या भानगडीत न पडता एकत्र राहतात. दवाखान्यात ‘आजी, तुमच्या मिस्टरांना आत पाठवा’ असं कुणी म्हटलं, तर त्या सरळ पाठवतात. गुडघ्याचा एक्स-रे मिस्टरांचा की मित्राचा, यावर हाडांच्या डॉक्टरांचं काही अडत नाही.

दर वेळी दुरुस्ती करणाऱ्या तरुण जोडप्यांनीही जरा दमानं घ्यावं. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ‘लग्नासारख्या’ नात्यातल्या बाईलाही संरक्षण देतो. लग्नासारखं म्हणजे कसं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये वेलुसामी खटल्यात सांगितलं. त्यातली एक अट अशी, की दोघं चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरत असावेत. म्हणजे देव न करो, पण उद्या वेळ आलीच, तर सेक्रेटरींची ती पहिली, चुकलेली यादी तिच्या बाजूचा कागद ठरू शकते. काकांनी डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला बरा.

उत्तराखंडात तर जानेवारी २०२५पासून एकत्र राहणाऱ्यांना सरकारदरबारी नोंद करावी लागते. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे काकूंचं काम सरकारनेच अंगावर घेतलंय.

आपल्याकडे अजून काकूंवरच भागतं. बरं, एवढ्या चौकशीत एक साधा प्रश्न कुणालाच सुचत नाही: तिचं नाव काय? त्याचं नाव, कंपनी, पगाराचा अंदाज, गाडी कर्जावर की रोखीने, हे सगळं वॉचमनकडून आधीच काढलेलं असतं. ती मात्र ‘४०२वाल्या वहिनी’. ओळख करून देतानाही ‘हे देशपांडे, आणि या...’ म्हणून माणूस तिच्याकडे असा बघतो, जणू पुढचा मजकूर तिच्या कपाळावर छापलाय. नाव विचारलं असतं, तर श्री.ही नको, सौ.ही नको, यादीत दोन नावं लिहून मोकळे.

पण नाव न विचारण्याचे फायदेही असतात. गेल्या संक्रांतीला तिला याच गैरसमजावर हळदीकुंकवाचं आग्रहाचं बोलावणं होतं. गेली, तिळगूळ घेतला, वाण म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा डबा मिळाला. गणपतीत खुलासा झाला आणि या संक्रांतीला तिचं बोलावणं नेमकं राहून गेलं. डबा मात्र अजून कुणी परत मागितलेला नाही.