गुणपृच्छा-मीमांसा : लातूर-नांदेड शाखा

१. अनुबंध

शास्त्रारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगावेत, असा पूर्वसूरींचा दंडक आहे. प्रस्तुत शास्त्राचा विषय 'किती पडले?' हा प्रश्न होय. प्रयोजन, पृच्छकाच्या जिज्ञासेचे शमन. संबंधाविषयी इतकेच सांगता येते की, पृच्छक व परीक्षार्थी यांच्यात पूर्वीचा कोणताही संबंध असण्याची आवश्यकता नाही. अधिकारी तो, ज्याच्या घरात, गल्लीत वा भावकीत एकतरी परीक्षार्थी आहे. या कसोटीवर लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत अनधिकारी व्यक्ती आढळत नाही.

लक्षण असे : निकालोत्तर काळी, परीक्षार्थ्याची इच्छा असो वा नसो, त्याच्या अंकप्राप्तीविषयी केलेली मौखिक विचारणा म्हणजे गुणपृच्छा. 'निकालोत्तर' या पदाने 'पेपर कसा गेला?' ही विचारणा वगळली जाते. ती स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे. 'मौखिक' या पदाने प्रवेशअर्जातील गुणांचा रकाना वगळला जातो. कारण अर्ज उत्तर ऐकून 'अरेरे' म्हणत नाही.

२. क्षेत्रविचार

हे शास्त्र याच भूमीत का उद्भवले, याचे उत्तर राज्य मंडळाच्या लातूर विभागात आहे. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे या विभागात येतात. दहावीला शंभर टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी २०२३ साली राज्यात १५१ होते, त्यांतील १०८ या विभागाचे. २०२४ साली १८७ पैकी १२३ आणि २०२५ साली २११ पैकी ११३. पाच सर्वोत्तम विषयांची बेरीज आणि कला-क्रीडेचे सवलतीचे गुण यांच्या संयोगाने हा अंक साध्य होतो. परिणामी शंभर ही येथे गणिती सीमा राहिलेली नाही, तो पलीकडच्या घरात राहतो. ज्या परीक्षार्थ्याच्या पलीकडच्या घरात शंभर राहतो, त्याला सत्त्याण्णव पडले असता चेहरा कसा ठेवावा, हा या शास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे.

३. युगविभाग

गुणपृच्छेच्या इतिहासात चार युगे स्पष्ट दिसतात.

(अ) पासयुग. प्रश्न एकच : 'पास झाला का?' उत्तरे दोन. पेढे किंवा मौन. वृद्ध पृच्छक आजही याच युगात वावरतात आणि परीक्षार्थी त्यांना विशेष मान देतात.

(आ) क्लासयुग. 'क्लास कोणता?' साठ टक्क्यांना पहिला वर्ग मिळे आणि एकसष्ट व चौऱ्याहत्तर हे एकाच ओसरीवर सुखाने बसत.

(इ) टक्केयुग. ओसरी मोडली. दशांश चिन्हाने घरात प्रवेश केला.

(ई) पर्सेंटाईलयुग. नीटचे गुण ७२० पैकी, सीईटीचे पर्सेंटाईलमध्ये आणि विद्यापीठाचे दहापैकी सीजीपीएमध्ये सांगितले जातात. या युगात पृच्छेला उपपृच्छा जोडणे अटळ झाले : 'कितीपैकी?' पदवीच्या परीक्षार्थ्याने आत्याला 'आठ पॉइंट सहा' असे सांगितले असता आत्या प्रथम गप्प होते आणि नंतर त्याच्या आईला बाजूला घेऊन धीर देते, हे या युगाचे व्यवच्छेदक लक्षण आहे.

४. पृच्छकभेद

पृच्छक पंचविध मानला आहे.

(१) आप्त पृच्छक. मामा, आत्या, चुलतचुलते. निकाल दुपारी एक वाजता लागत असल्याने यांचा फोन एक वाजून दहा मिनिटांनी येतो. संकेतस्थळ उघडण्यापूर्वीच फोन आल्यास त्यास 'प्राक्प्राप्त आप्त' म्हणावे.

(२) तुलनार्थी पृच्छक. याच्या घरीही त्याच वर्षीचा परीक्षार्थी असतो. याचा प्रश्न ही केवळ प्रस्तावना असते. उत्तर मिळताच 'आमच्या पोरीला...' हे मुख्य प्रकरण सुरू होते.

(३) ज्ञातपूर्व पृच्छक. याने चौकातला फ्लेक्स पाहिलेला असतो, व्हॉट्सॲपवर गुणपत्रिकाही वाचलेली असते. तरीही विचारतो. मीमांसक या कृतीला 'अनुवाद' म्हणतात, अर्थात ज्ञाताचे पुनःकथन.

(४) व्यवसायी पृच्छक. अकरावीच्या वर्गांची माहितीपत्रके हाती असणारा. याचा आवाज सर्वांत मृदू असतो आणि गुण कितीही सांगितले तरी तो प्रसन्नच राहतो.

(५) यादृच्छिक पृच्छक. एसटीतील शेजारी, सलूनमध्ये नंबर लावून बसलेला, झेरॉक्सच्या दुकानात मागे उभा असलेला. याला उत्तराचा काहीही उपयोग नसतो. म्हणूनच शुद्ध जिज्ञासेचा हा एकमेव नमुना होय.

५. उत्तरभेद

(१) पूर्णोत्तर. आकडा सांगून थांबणे. नव्वदीच्या वर असतानाच हे शक्य होते.

(२) ऊर्ध्वगामी उत्तर. ८९.२० या अंकास 'नव्वदच' म्हणणे. 'च' या अव्ययात शून्य दशांश आठ टक्के सामावतात, असे प्राचीन मत. नव्यांच्या मते दोन टक्क्यांपर्यंत.

(३) एकदेशी उत्तर. 'बायोत अठ्ठ्याण्णव.' उर्वरित विषयांचा निर्देश टाळणे.

(४) हेतुगर्भ उत्तर. 'सेंटर कडक होतं.'

(५) भविष्यलक्षी उत्तर. 'रिपीट करणारंय.' नीटच्या परीक्षार्थ्यांत हे बहुधा आढळते आणि एका उत्तराने संपूर्ण वर्षाची पृच्छा स्थगित करते.

(६) प्रातिनिधिक उत्तर. परीक्षार्थी आतल्या खोलीत, आई दारात : 'पडले की चांगले.' सर्व उत्तरांत हे बलवत्तर. याला उपपृच्छा लागू पडत नाही.

६. संप्रदाय

लातूर संप्रदाय अंकप्रधान आहे. 'किती पडले?' नंतर लगेच 'ग्रुपला किती?' असे विचारावे, हे त्याचे मुख्य सूत्र. ट्यूशन एरियातील चहाच्या टपऱ्या ही त्याची पीठे. नांदेड संप्रदाय कुलप्रधान आहे. भाग्यनगरच्या रस्त्यावर प्रथम 'गाव कोणतं?', मग 'कुणाचा तू?' आणि वंश निश्चित झाल्यावरच अंक विचारला जातो. लातूरकर या पद्धतीस कालापव्यय म्हणतात. नांदेडकरांचे प्रत्युत्तर असे की, कुणाचा हे कळल्यावर किती पडले असतील ते निम्मे कळतेच.

७. कलाशाखा : विशेष प्रकरण

पदवीला कला शाखा घेतलेल्या परीक्षार्थ्यास गुणपृच्छा सामान्य नियमाने लागू होत नाही. उदाहरणार्थ, उदगीर-लातूर एसटीतील हा संवाद पाहावा. शेजारी धोतर-टोपीतले आजोबा, मांडीवर पिशवी.

'कोणतं गाव?' 'नळेगाव.' 'काय करलालास?' 'कॉलेज.' 'किती पडले बारावीला?' 'अठ्ठ्याहत्तर.' 'मग सायन्स का?' 'नाही, बी.ए.'

आजोबांनी चंची सोडली, अडकित्त्याने सुपारी कातरली, निम्मी परीक्षार्थ्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, 'असू दे. यमपीएससीची तयारी कर.'

येथे अंक हा विषयच उरला नाही, हे सूक्ष्मपणे ध्यानात घ्यावे. अठ्ठ्याहत्तर ऐकून पृच्छक निश्चल होता, 'बी.ए.' ऐकून करुणा उत्पन्न झाली. या सुपारीस 'सांत्वनपूग' ही संज्ञा योजावी. 'असू दे' हा स्थायीभाव आणि 'यमपीएससी' हा संचारीभाव होय.

पूर्वपक्ष म्हणतो, ही करुणा योग्यच आहे. उत्तरपक्ष पुढील प्रमाणे ठेवतो. लातूर पॅटर्नसाठी ख्यात असलेले राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. तेथील प्राचार्य आणि पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. नांदेडच्या १९५० सालच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे मराठीचे प्राध्यापक. म्हणजे ज्या दोन शहरांनी गुणपृच्छेला शास्त्राची प्रतिष्ठा दिली, त्यांचे विद्यापीठ आणि महाविद्यालये सांत्वनपूगास पात्र असलेल्या मंडळींनी चालवली. पूर्वपक्ष यावर निरुत्तर होतो आणि विचारतो, 'पण त्यांना बारावीला किती पडले होते?'

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली असून विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही इतर विद्याशाखेचा विषय घ्यावा लागतो. तेव्हा सांत्वनपूग आता दोन्हीकडे वाटावा लागेल काय, हा प्रश्न पुढील संशोधकांवर सोपवला आहे.

८. निर्णय

प्रयोजनाविषयी एक आक्षेप शिल्लक आहे. पृच्छेचे प्रयोजन जिज्ञासाशमन असेल, तर तोच पृच्छक त्याच परीक्षार्थ्यास दिवाळीत पुन्हा 'किती पडले होते रे तुला?' असे का विचारतो? यावरून सिद्ध होते की, उत्तर पृच्छकाच्या स्मरणात राहत नाही. ते केवळ परीक्षार्थ्याच्या स्मरणात राहते. अतएव जिज्ञासाशमन हे प्रयोजन बाधित ठरते आणि पृच्छा निष्प्रयोजन सिद्ध होते.

तथापि निष्प्रयोजन कर्माचाही विधी असतो. तो असा : निकालानंतर पंधरा दिवस गुणपृच्छा विहित, त्यानंतर निषिद्ध. आईने दारातून दिलेले उत्तर अंतिम. आणि पृच्छकाने प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःचे दहावीचे गुण, मूळ गुणपत्रिकेसह, सांगणे बंधनकारक.