डिस्क आहे, पण दिसत नाही

लॅपटॉप नवा, पेन ड्राइव्ह तयार आणि विंडोजचा इन्स्टॉलर थंडपणे सांगतो, एकही ड्राइव्ह सापडत नाही. एसएसडी आत स्क्रूने घट्ट बसवलेली आहे, पण म्हणून काय झालं! पेन्शनर खिडकीसमोर उभा असला तरी हयातीचा दाखला लागतोच.

कारण साधं आहे. इंटेलच्या 11व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे बसते आणि इन्स्टॉलरकडे बहुधा त्याचा ड्रायव्हर नसतो. तो आपण पुरवायचा. मिळतो, फुकट मिळतो. फक्त अनेकदा ‘ईएक्सई’ फाइलच्या पोटात असतो, म्हणजे ती उलगडायला आधी चालू विंडोज हवी. विंडोज टाकायला विंडोज!

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येतो म्हणतात. काही लॅपटॉपांत तो पर्यायच लपवलेला असतो (ग्राहकाच्या बोटांवर कोण भरवसा ठेवणार?). आणि आधीची विंडोज डिस्कवर असताना व्हीएमडी बंद केलात, तर बहुतेक वेळा तीही उठायची नाही.

तेव्हा शेजाऱ्याच्या चालू संगणकावर ड्रायव्हर उलगडून पेन ड्राइव्हवर आधीच ठेवा. शेजाऱ्याशी भांडण असेल, तर ते मिटवणं हीच इन्स्टॉलेशनची पहिली पायरी समजा.